विचारा की, ताई! : आवतण, ब्लू टिक आणि बाकीची भांडणं

या महिन्यात आलेले प्रश्न जवळजवळ सगळे मोबाईलचे, म्हणजे आले पण मोबाईलवरून आणि भांडण पण मोबाईलमुळंच. एका आजोबांनी तेवढं आंतर्देशीय पाठवलंय. नाव कुणाचंच छापत नाही, सोलापूर ते केवढं, नवी पेठेत शिंकलं तर सात रस्त्याला कळतं.

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिका न छापता व्हिडिओ पत्रिका करून घेतली, सनई-बिनई लावून, आणि व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करून एका दमात सगळ्यांना पाठवली. आता धाकटी मावशी रुसून बसलीय, म्हणते मला आवतणच नाही. चुलत दीर म्हणतात आम्हाला तर काही आलंच नाही. मुलगी म्हणते, आई, आता पेपरलेस जमाना आहे, तू लक्ष देऊ नको. कोण बरोबर?
— एक वधूमाय, जुळे सोलापूर

ताई : आधी दिरांचं बघू, कारण ते खरं बोलत असण्याची शक्यता जास्त आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच जातो, बाकीच्यांना जातच नाही, आणि आपल्याला मात्र वाटत राहतं सगळ्यांना गेला. दिरांकडं तुमच्या मिस्टरांचा नंबर असणार, तुमचा कशाला असेल? त्या मेसेजवर बोट दाबून धरा, माहिती उघडा, कुणाकुणाला पोचलाय ती यादी दिसेल. मला वाटतं बघून घाम फुटेल तुम्हाला, पण लग्नाला वेळ आहे तोवर फुटलेला बरा.

आता मावशी. तिला मेसेज मिळालाय, तिनं बघितलाय, सनई पण ऐकलीय, आणि तरी ती म्हणते आवतण नाही. माझ्या मते मावशीचं बरोबर आहे. आपल्याकडं पहिली पत्रिका ग्रामदैवत सिद्धेश्वरांना, मग कुलदैवताला, मग हळदी-कुंकवाची बोटं लावत नावं घालायला बसायचं, पेनानं, आणि निम्मी भांडणं तिथंच व्हायची, की ह्यांच्या पाकिटावर नुसतं श्री लिहायचं का सहकुटुंब सहपरिवार, आणि त्यांनी आपल्याला काय लिहिलं होतं ते कुणीतरी कपाटातनं जुनी पत्रिका काढून दाखवायचं. एवढा वेळ त्या एका नावावर गेलेला असायचा. तुमच्या व्हिडिओत मावशीचं नाव कुठंच नाही, तो गॅसवाल्याला पण गेलाय आणि तिला पण गेलाय, आणि हे तिला कळतंय.

गंमत म्हणजे आमच्या लहानपणी फोनवरून आवतण दिलं तरी लोकं नाक मुरडायची, दारात आले नाहीत, फोनवर उरकलं म्हणून. आज तुम्ही मावशीला नुसता फोन केला असता तर तिनं दहा जणींना सांगितलं असतं की आमच्या ताईनं स्वतः फोन केला. नवीन सोय आली की तिच्या आधीची सोय आपोआप मानाची होते, हे मी लई वेळा बघितलंय. फोन आले तेव्हा पत्र मानाचं झालं, मेसेज आले तेव्हा फोन मानाचा झाला, आणि उद्या एआय आपल्या नावानं आवतणं पाठवायला लागलं की हाताने टाइप केलेलं, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाचं "मावशे नक्की ये" पण मानाचं होईल बघा. कारण समोरचा मोजतो एकच, माझ्या एकटीसाठी किती खटपट केली.

तर नावांचे तीन गठ्ठे करा. ज्यांच्या घरी अक्षता घेऊन जायलाच पाहिजे ते, ज्यांना स्वतःच्या तोंडानं फोन करायला पाहिजे ते, आणि व्हिडिओवर ज्यांचं भागतंय ते. तिसरा गठ्ठा मोठा असला तरी चालतोय. थोड्या पत्रिका छापूनही घ्या, पन्नासेक. आणि मुलीला सांगा, संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या अक्षतांना कुणालाच पत्रिका जात नाही आणि तरी सगळं गाव संमती कट्ट्यावर लोटतंय, पण ते देवाचं लग्न आहे, तुझं त्या कॅटेगरीत नाही.

प्रश्न : मुलगा आणि सून पुण्यात हिंजवडीला. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल येतो. पण बोलायला काही नसतंच, जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, झालं. नातू दोन मिनिटं तोंड दाखवतो आणि पळतो. पूर्वी मुलगा महिन्यातनं एकदा हुतात्मा एक्सप्रेसनं यायचा, आम्ही अर्धी रात्र बोलत बसायचो. आता म्हणतो, रोज तर बघतेस की मला, यायचं कशाला. एवढं करूनही मला समाधान नाही, मीच हावरट आहे का?
— विजापूर रोड

ताई : हावरट कसल्या, अजिबात नाही. तुमचा नऊचा कॉल ही हजेरी झालीय, मास्तरांनी नाव घेतलं, आपण हजर म्हटलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलणं जवळपास फुकट झालं, चांगलंच झालं ते, पण एसटीडी बूथवर त्या लाल आकड्यांच्या मीटरकडं बघत बोलायचो तेव्हा आठवडाभर मनात साठवून ठेवलेलं आधी बोलून घ्यायचो. आता उद्या पण कॉल आहेच म्हणून आजचं काही बोलायचंच राहतं.

दुसरी एक गोष्ट, ही तुमची किंवा मुलाची कुणाचीच चूक नाही. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो, जगातल्या वेगवेगळ्या भाषांमध्ये मोजलंय हे. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला जरा उशीर होतो, त्यामुळं दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, मग "बोल बोल", "नाही तू बोल". शिवाय कॅमेरा वर आणि चेहरा खाली, म्हणजे तो तुमच्याकडं बघत असला तरी तुमच्या डोळ्यात बघतोय असं वाटत नाही. लॉकडाऊनमध्ये दिवसभर मीटिंगा करून माणसं दमायची त्याचं थोडं कारण हेच.

म्हणून असं करा. रोजचा कॉल आठवड्यातनं तीनदा करा, आणि त्यातला एक बिनव्हिडिओचा, नुसता कानाला लावून, आडवं पडून. एक कॉल असा करा की फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचा आणि आपापलं काम करायचं. तुम्ही शेंगाची चटणी कुटताय, उखळात शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं ते नातवाला दाखवा, मध्येच त्याला विचारा आता मीठ घालू का, तिकडं सूनबाईचं भाजी निवडणं चाललेलं असू दे. बोलायचं काही ठरवू नका, काम चालू असलं की बोलणं आपोआप निघतं, आणि नाही निघालं तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

आणि यायचं कशाला ह्यावर सरळ सांगा, मला पाहिजे म्हणून. आया हे एवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलतात. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत पण सुरू झालीय, पुणं काय लांब राहिलेलं नाही.

प्रश्न : मैत्रिणीला मेसेज केला, ब्लू टिक आली, दोन दिवस उत्तर नाही. मैत्री तोडू का?
— होटगी रोड

ताई : नको. ती निळी खूण व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०१४ मध्ये आणली, त्याच्या आधी पण माणसं उत्तरं उशिराच द्यायची, फक्त आपल्याला कळायचं नाही. मेसेज उघडला एवढंच त्यातनं समजतं, वाचताना गॅसवर दूध होतं का सासू समोर होती हे समजत नाही. फारच त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन रीड रिसीट बंद करा, मग तुम्हाला पण दुसऱ्यांची दिसणार नाही (ग्रुपमध्ये मात्र दिसतच राहते). आणि फोन लावा की तिला.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर परत "मुलं पळवणारी टोळी शहरात आलीय, फोटोतली माणसं दिसली की धरा" असला मेसेज फिरतोय. मी लिहिलं की खात्री केल्याशिवाय टाकू नका, तर मलाच म्हणतात, तुला काय होतंय, सावध राहिलेलं बरं ना. काय उत्तर देऊ?
— अक्कलकोट रोड

ताई : राईनपाडा, असं उत्तर द्या. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारे म्हणून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. त्यातली चौघं आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढा भागातली, एक जण कर्नाटकातला, सगळी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. टोळी-बिळी काही नव्हती, होत्या त्या मोबाईलवर फिरणाऱ्या अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून तर जो मेसेज लई फिरलेला असतो, दोन बाणांची खूण असलेला, तो एकावेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तुमच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजवर दोन बाण आहेत का बघा. असतील तर पाठवणाऱ्याला पण माहीत नाही तो कुणी लिहिला, कधी लिहिला, फोटो कुठला.

डवरी गोसावी पूर्वी दारात आले की आजी सुपातनं पीठ-दाणे घालायची, कुठल्या गावचे, पाऊस कसा आहे विचारायची. ओळख नसली तरी तोंडातोंडी दोन शब्द होते. आता दारातल्या माणसाला काही न विचारता आपण फोनमधल्या फोटोला विचारतो. "सावध राहिलेलं बरं" म्हणणाऱ्याला एवढंच म्हणा, सावध राहायचंय तर ११२ ला फोन कर, पोलिस येतील, बघतील. ग्रुपवर टाकून कुणाचं पोरगं वाचलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, रूमवर राहतो. दोन विषय राहिलेत, घरी सांगितलेलं नाही. मित्रांना सांगायला गेलो तर "का बे, रडतो का आता" म्हणून चेष्टा. त्यामुळे रोज रात्री चॅटजीपीटीशी बोलतो. ते नीट ऐकून घेतं, चिडत नाही, कितीही वाजता उत्तर देतं. पण हल्ली माणसांशी बोलायचाच कंटाळा येतोय. हे चुकीचं आहे का?
— केगाव

ताई : तू हे मला लिहिलंस म्हणजे कंटाळा अजून पूर्ण आलेला नाही, हे आधी लिहून ठेवते.

तुझ्यासारखं करणारा तू पहिला नाहीस. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाम नावाच्या प्राध्यापकानं एलायझा म्हणून एक प्रोग्रॅम केला होता. तो काही हुशार नव्हता, तू म्हटलंस मला वाईट वाटतंय की तो विचारणार, वाईट का वाटतंय, एवढीच ट्रिक. त्याच्या सेक्रेटरीनं तो प्रोग्रॅम तयार होताना महिनोन्‌महिने बघितला होता, हा नुसता प्रोग्रॅम आहे हे तिला माहीत होतं, आणि तरी थोडं बोलून झाल्यावर तिनं साहेबालाच सांगितलं, जरा बाहेर जाता का, मला एकटीला बोलायचंय. माणसाला ऐकून घेणारं कुणी मिळालं की माणूस बोलतो, समोर यंत्र आहे हे माहीत असून पण. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण तुझ्या प्रश्नातलीच एक ओळ बघ, "चिडत नाही". माणूस चिडत नाही तेव्हा तो चिडायचा थांबलेला असतो, स्वतःला आवरतो, आपल्यासाठी. यंत्राला आवरायचंच काही नाही, रात्रीचे तीन वाजले तरी त्याची झोप मोडत नाही. म्हणून ते बरं वाटतं आणि म्हणूनच ते पुरत नाही. वर सांगितलेली मावशी हेच म्हणते, फक्त लग्नाच्या बाबतीत. आणि ही यंत्रं हो ला हो करण्यात पटाईत असतात, एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीला आपलं एक अपडेट मागं घ्यावं लागलं, कारण ते उठसूट लोकांची तारीफच करत सुटलं होतं. तुझा एखादा बेत गाढवपणाचा असेल तर तो गाढवपणा आहे हे तुला कुणीतरी तोंडावर सांगायला पाहिजे.

म्हणून ते बंद कर असं मी म्हणत नाही, त्याला कामाला लाव. बाबांना दोन विषय राहिल्याचं कसं सांगू, हे त्याच्याकडनं लिहून घे, मग ते खोड, कारण ते लिहितं ते टीव्हीवरच्या बातम्यांसारखं असतं, आणि आपल्या भाषेत दोन वाक्यं कर. मित्रांचं म्हणशील तर तू चौघं टपरीवर असताना सांगितलं असणार. चौघांत "का बे" हेच उत्तर येणार, तो नियमच आहे आपल्याकडं. त्यातल्या एकाला एकट्याला धर, गाडीवर मागं बसव आणि कंबर तलावाच्या कडेला ने. गाडीवर तोंडाकडं बघावं लागत नाही, बोलायला सोपं जातं. त्याच्या पोटात पण काहीतरी निघेल, पैज.

आणि झोपच येत नसेल, डोक्यात नको ते येत असेल, तर थांबू नको. टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, पलीकडं माणूस असतो.

प्रश्न : (आंतर्देशीय पत्र, थोडक्यात) आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र गेला. ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचे मेसेज पडले, हात जोडलेली चित्रं, एकाचं कॉपी करून दुसऱ्यानं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो तर आमच्यापैकी मी एकटाच. वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांचे मेसेज आले हो." मला काय बोलावं सुचेना. हे असंच चालायचं का?
— नवी पेठेतले एक आजोबा

ताई : आजोबा, चालायचं असं मी म्हणणार नाही. पण त्या बाकीच्यांना माया नाही असं पण मला वाटत नाही. श्रद्धांजली टाइप केली की मनाला वाटतं आपलं करून झालं, आणि पाय निघत नाही. पूर्वी ती सोयच नव्हती, घरी गेल्याशिवाय दुसरं काही करता यायचं नाही, आणि गेल्यावर बोलायला तर तेव्हा पण कुणाला काही सुचायचं नाही. जायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, उठायचं. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारनं पिठलं-भाकरी यायची, ती मेसेजनं कशी येणार.

तुम्ही एक करा, आणि हे फक्त तुम्हीच करू शकता कारण तुमचं वय आहे आणि कट्ट्यावर तुमचा शब्द चालतो. ग्रुपवरच लिहा, उपदेश नको, नुसतं कळवा : उद्या सकाळी साडेनऊला मी वहिनींकडं जातोय, कोण येतंय, रिक्षा करतोय. एवढंच. लोकांना जायचं असतं, एकटं जायला अवघड वाटतं. ज्या ग्रुपला तुम्ही नावं ठेवताय तो नेमका ह्याच कामाला बरा आहे. तेरावं झालं तरी जायला हरकत नाही, तेरावं झाल्यावर घर जास्त रिकामं असतं.

उत्तर तुम्हाला पोस्टानं पण पाठवलंय.

प्रश्न : आमच्या अव्वाला फोन आला, आवाज हुबेहूब माझ्या भावाचा, रडत होता, ॲक्सिडेंट केलाय, पोलिसांनी धरलंय, पैसे पाठव. भाऊ तर घरातच झोपलेला! आवाज कसा काय मिळाला?
— अशोक चौक

ताई : वाचलात. रील, स्टेटस, व्हॉइस नोट, कुठूनही उचलला असेल. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२३ मध्येच दाखवलं होतं की तीन सेकंदाच्या आवाजावरून त्या माणसाचा आवाज बनवता येतो, आणि आता असले प्रोग्रॅम कुणाच्याही हाताशी आहेत. म्हणजे आवाज ओळखला म्हणून माणूस ओळखला, हे संपलं. वाईट वाटतं, पण संपलं.

अव्वाला एकच शिकवा, असा फोन आला की काही न बोलता कापायचा आणि आपल्या फोनमध्ये सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. दुसरं, घरात एक खुणेचा शब्द ठरवा, घरातल्याच कुठल्या तरी जुन्या गोष्टीतला, अव्वा म्हणताय म्हणजे घरी तेलुगू असणार, त्यात असला तर अजून बरं, आणि तो जेवताना तोंडी ठरवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका कृपा करून. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडकवून ठेवता यायची शक्यता जास्त. आणि व्हिडिओवर वर्दीतला माणूस "डिजिटल अरेस्ट" म्हणाला तर खुशाल फोन कापा, असली अटक कायद्यात नाहीच.

प्रश्न : सासरच्या ग्रुपमधनं कुणाला न कळता बाहेर पडायचंय. रोज ऐंशी मेसेज.
— एक सून, पत्ता छापू नका

ताई : २०२२ पासून ग्रुप सोडला की सगळ्यांना नोटीस जात नाही, फक्त ॲडमिनला कळतं. पण कोण-कोण सोडून गेलं ती यादी ग्रुपच्या माहितीत साठ दिवस कुणालाही बघता येते, आणि तुमच्या नणंदा बघणार. ॲडमिन कोण आहे तुमच्याकडं? सासरे असतील तर विसरा. कायमचं म्यूट करा, अर्काइव्हमध्ये टाका, आणि सासऱ्यांच्या वाढदिवसाला तेवढं स्वतः टाइप करा, फुलांचं स्टिकर नको.